आकडा नको, नाव हवे!

नगरहून पुण्याला जाणारा प्रत्येक बांधव भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मनोमन वंदन करतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. नावे होती, म्हणूनच आपला इतिहास कुणाला पुसता आला नाही. डॉ. बाबासाहेब १९२७ साली तेथे गेले ते याच जाणिवेने.

पुढच्या महायुद्धांचे काय? दोस्त राष्ट्रे जिंकली म्हटले की इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, रशिया एवढीच नावे घेतली जातात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार कामी आली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर पोहोचले, सुमारे ८७ हजारांनी प्राण दिले. तरीही इराकातील बसरा येथील स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीगणिक केवळ आकडा आला. हा भेदभाव युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने २०२१ साली मान्य केला. ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात माफी मागितली. त्याला शंभर वर्षे लागली!

आपली उपेक्षा तर दुहेरी. १८९० नंतर सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. युद्ध पेटले तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती रेजिमेंट आजही देशाच्या सीमेवर उभी आहे.

महाराष्ट्रातील काही गावांत जुनी दगडी पाटी दिसते: गावातून इतके लढाईवर गेले, इतके मेले. तेथेही नाव नाही. ती नावे आता घराघरांतूनच मिळतील. माता-भगिनींनो, आजेसासूबाईंची पेटी उघडून पाहा. पहिल्या महायुद्धातील रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक मोडीत घालू नका. वृद्धांना विचारा, वहीत लिहा. आयोगाची नोंदवही आता इंटरनेटवर फुकट पाहता येते. शिकलेल्या मुलांनी त्यात शोधावे.

प्रत्येक बुद्धविहारात गावच्या सैनिकांच्या नावांचा एक फलक लागावा. ज्यांनी परक्यांच्या युद्धात प्राण दिले, त्यांना निदान आपल्या घरात तरी नाव मिळू द्या. जयभीम!