वळचणीखालून

आर्किटेक्ट मंडळींसोबत इमारती पाहायला गेलं की सगळ्यांच्या माना वर, आढ्याकडे. मी कळंबचा गवंडी. माझी नजर आधी पायाकडे जाते. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे घर मातीचं असो की सिमेंटचं, मुरूम लागेपर्यंत खोदायचंच.

नागपूरच्या काही आर्किटेक्टनी मला सेवाग्रामला नेलं. १९३६ मध्ये गांधीजी तिथं, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. सामान आसपासचं, कारागीर गावचे, हा त्यांचा आग्रह. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, असं ते म्हणाल्याचं पुढे वास्तुकार लॉरी बेकर सांगत. त्यांच्या झोपडीत, बापूकुटीत, कोणी भिंतींना टेप लावत होतं, कोणी त्यांच्या शिष्या मीराबहेननी भिंतीच्या मातीत उठवलेली ताडाची झाडं टिपत होतं. मी बाहेर वळचण पाहत होतो. छप्पर बरंच पुढे काढलंय. पावसाचा झोत मातीला लागत नाही, उन्हात भिंत तापत नाही. मातीचं घर जगतं ते या वळचणीवर आणि दरवर्षीच्या शाकारणी-सारवणावर.

‘देखभाल सोपी’ असं एका मॅडमनी वहीत लिहिलं. सोपी कोणाला? सारवण आमच्याकडे बायांच्याच अंगावर पडतं, आणि त्यांची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

मी खरा रमलो वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या कामात. कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूसारखे मातीचे नळे, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं टोक बसवत गेलं की कमान होते. कमानीला कमान लावली की छत. लाकूड नाही, सळई नाही. सळई लागते ती ताण झेलायला; कमानीत सगळा भार दाबानंच खाली उतरतो. मात्र कमान भिंतींना बाहेर ढकलते, तेव्हा भिंतींत कसर केली तर छत खाली.

सिमेंटला मी नावं ठेवणार नाही, पोट त्यावरच आहे. पण चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीच्या कोळशाचा वेगळा. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे.

घरकुलाला सरकारचे पैसे मिळतात, आणि ज्याला त्याला स्लॅबच हवा असतो. मातीच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला त्यात दोष कसा द्यावा? परवा एकाला म्हटलं, ‘‘स्लॅब टाकू, पण पश्चिमेला छज्जा दोन फूट काढू आणि आतून मातीचा गिलावा करू.’’ छज्ज्याला तो लगेच तयार झाला. गिलाव्याचं ऐकून आतून त्याची सून म्हणाली, ‘‘मंग सारवाले कोन येईन, तुमी?’’