खेळ, क्लब आणि शिष्यवृत्ती : अमेरिकेतील मुलींच्या फुटबॉलचा हिशेब

शिष्यवृत्ती हा शब्द कानावर पडला की माझे लक्ष आपोआप तिकडे जाते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे फी, फॉर्म आणि दाखले ह्यांची ओळख मला पुस्तकांच्याही आधी झाली. अमेरिकेत मुली फुटबॉल खेळतात आणि त्या जोरावर त्यांचे कॉलेजचे शिक्षण फुकट होते, असे मी प्रथम ऐकले तेव्हा मला त्या मुलींचा हेवाच वाटला. पुढे मिळेल ते वाचून ह्या गोष्टीच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लक्षात आले, की ऐकलेले खोटे नव्हते; पण ते अर्धेच होते. उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. तेथील ‘फुटबॉल’ म्हणजे शिरस्त्राणे घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा निराळाच खेळ. हा दुसरा खेळ मुलगे खेळतात आणि त्याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

एका कायद्याची किमया

ह्या कथेचा आरंभ मैदानावर होत नाही, कायद्याच्या पुस्तकात होतो. 23 जून 1972 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ह्यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यातील नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातले मुख्य कलम इंग्रजीत अवघे 37 शब्दांचे. मध्यवर्ती सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री अथवा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, असा त्याचा आशय. हवाई बेटांतून निवडून आलेल्या पॅट्सी मिंक ह्या बाईंचा हा कायदा घडविण्यात मोठा वाटा होता. गंमत अशी, की त्या 37 शब्दांत खेळाचे नावही नाही. परंतु खेळ हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे कायदा मैदानापर्यंत जाऊन पोहोचला.

परिणाम आकड्यांतच पाहावा. 1971–72 ह्या वर्षी साऱ्या अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे 700. आज ती संख्या पावणेचार लाखांच्या घरात आहे.

कॉलेजांनी मुलींसाठी नेमका हाच खेळ इतक्या उत्साहाने का उचलला, ह्याचे उत्तर वर सांगितलेल्या मुलग्यांच्या खेळात आहे. ‘फुटबॉल’च्या एकेका मोठ्या संघात शंभराच्या आसपास खेळाडू असत आणि एका संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. मुलींच्या बाजूला तेवढे वजन टाकून तराजू सम करायचा, तर मोठा संघ लागणारा आणि साहित्याचा खर्च कमी असणारा खेळ हवा. सॉकर त्या मापात बरोबर बसला. 1982 साली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, मुलींची पहिली सॉकर अजिंक्यपद स्पर्धा भरविली आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने ती जिंकली. त्यांचे प्रशिक्षक अॅन्सन डोरन्स ह्यांच्या हाताखाली त्या विद्यापीठाने 1982 ते 2012 ह्या काळात 21 वेळा ही स्पर्धा जिंकली. मिया हॅम ही जगप्रसिद्ध खेळाडू तेथेच घडली. 1991 साली चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा अमेरिकेने जिंकली, तेव्हाही प्रशिक्षक डोरन्सच होते. पुढे 1999 साली कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर महिलांचा अंतिम सामना पाहायला 90 हजारांवर प्रेक्षक जमले. मुलींच्या हाती कायद्याने एक दार दिले आणि त्यांनी ते किती रुंद उघडले, हे ह्यावरून दिसावे.

शिष्यवृत्ती म्हणजे किती?

आता पैशाकडे वळू. अमेरिकेतील कॉलेजे खेळाच्या दृष्टीने तीन श्रेणींत विभागलेली आहेत. पहिल्या श्रेणीत मुलींचे तीनशेहून अधिक सॉकर संघ आहेत. अनेक वर्षे असा नियम होता, की पहिल्या श्रेणीतील एका संघाला जास्तीत जास्त 14 शिष्यवृत्त्या द्याव्यात. दुसऱ्या श्रेणीत ही मर्यादा 9.9 होती. तिसऱ्या श्रेणीत चारशेहून अधिक कॉलेजे असूनही खेळाची शिष्यवृत्ती मुळीच नाही. येल, हार्वर्ड इत्यादी ज्या आठ जुन्या विद्यापीठांना ‘आयव्ही लीग’ म्हणतात, तीही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत.

9.9 हा आकडा वाचून मी थबकले. नऊ दशांश मुलगी कशी असेल? मग उलगडा झाला. ह्या शिष्यवृत्त्या अख्ख्या द्यायच्या नसून तुकडे करून वाटायच्या असतात. संघात 28 मुली असतील आणि शिष्यवृत्त्या 14 असतील, तर सरासरी प्रत्येकीच्या वाट्याला अर्धीच येते. पण प्रशिक्षक सरासरीने वाटत नाहीत. एखादी उत्तम गोलरक्षक किंवा गोल करणारी मुलगी असेल तर तिला पूर्ण, दुसरीला पाव, तिसरीला नुसता पुस्तकांचा खर्च, आणि कित्येकींना काहीच नाही, असा तो प्रकार. शिवाय प्रत्येक कॉलेज मर्यादेइतका पैसा देतेच असे नाही. 2012 पूर्वी ही मदत एकेका वर्षापुरतीच मंजूर होई. त्यानंतर अनेक वर्षांसाठी एकदम देण्याची मुभा मिळाली.

एनसीएएच्या आकड्यांनुसार शाळेत सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी सुमारे सात-आठजणी कोणत्या ना कोणत्या श्रेणीत कॉलेजसाठी खेळतात. पहिल्या श्रेणीत जेमतेम दोन-तीन. म्हणजे फुकट शिक्षण मिळालेली मुलगी सापडते खरी, पण ती सापडण्यासाठी पुष्कळ मुली पाहाव्या लागतात.

क्लबचा रस्ता

माझ्या मनात पुढचा प्रश्न आला तो असा : प्रशिक्षक ह्या मुली निवडतात कोठून? शाळेच्या संघातून, असे मला वाटले होते. तसे फार थोडे घडते. अनेक राज्यांत शाळेचा हंगाम आणि कॉलेजचा हंगाम एकाच वेळी, शरद ऋतूत येतो. त्या वेळी कॉलेजचा प्रशिक्षक स्वतःच्या संघात गुंतलेला असतो. शिवाय एका शाळेच्या सामन्यात त्याच्या उपयोगाची मुलगी एखादीच असायची. म्हणून तो जातो खाजगी क्लबांच्या मेळाव्यांना. तेथे दोन-तीन दिवसांत, एकाच ठिकाणच्या अनेक मैदानांवर, देशभरातील निवडक संघ खेळतात. प्रशिक्षक मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. हातात क्लबने दिलेली यादी असते : मुलीचा क्रमांक, जागा, शाळा कोणत्या वर्षी संपणार, परीक्षेतील श्रेणी. मुलींनी आधीच पत्रे आणि आपल्या खेळाच्या चित्रफिती पाठवून ‘अमुक मैदानावर अमुक वाजता मी खेळणार आहे’ असे कळविलेले असते.

2009 साली मुलींच्या क्लबांची ईसीएनएल नावाची राष्ट्रीय लीग स्थापन झाली. 2017 साली अमेरिकेच्या सॉकर महासंघाने आपली वेगळी मुलींची अकादमी लीग काढली आणि तिच्यातील मुलींनी शाळेच्या संघातून खेळू नये असा दंडक घातला. 2020 साली ही लीग बंद पडली. पण मुलीने आपल्या शाळेसाठी खेळावे की नाही हे शाळेबाहेरच्यांनी ठरवावे, इथवर मजल गेली होती.

ह्या क्लबांचा खर्च पालक करतात. क्लबची फी, गणवेश, परगावचे सामने, विमानाचे तिकीट, हॉटेल, आणि कॉलेजांनीच फी घेऊन भरविलेली शिबिरे. वरच्या पातळीवर हा खर्च वर्षाला हजारो डॉलर होतो. आपण नुसता हिशेब करून पाहू. समजा, वर्षाला पाच हजार डॉलर खर्च येतो आणि मुलगी वयाच्या दहाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठ वर्षे, क्लबमध्ये खेळते. झाले चाळीस हजार. आता समजा, कॉलेजचा वर्षाचा खर्च चाळीस हजार आहे आणि तिला पाव शिष्यवृत्ती मिळाली. वर्षाला दहा हजार. चार वर्षांचे चाळीस हजार. म्हणजे जे घातले तेच परत आले! आणि ज्या बापाजवळ ते आधीचे चाळीस हजार नव्हते, त्याची मुलगी कितीही चपळ असली तरी त्या खुर्च्यांपुढे आलीच नाही. काही क्लब गरीब मुलींना फी माफ करतात हे खरे. पण माफीवर चाललेल्या चारदोन मुलींमुळे रस्त्यावरचा टोलनाका नाहीसा होत नाही.

अकरा वर्षांची मुलगी आणि तोंडी शब्द

चढाओढ वाढली की निवड लवकर होऊ लागते. प्रशिक्षकांनी लहान मुलींशी थेट बोलू नये असा नियम होता. पण मुलीने फोन केला तर त्यांनी बोलू नये असा नव्हता. मग कॉलेजचा प्रशिक्षक क्लबच्या प्रशिक्षकाला सांगे, तो मुलीला सांगे, आणि ठरलेल्या वेळी मुलगीच फोन करी. अशा रीतीने आठवी-नववीतल्या मुली कॉलेजला शब्द देऊ लागल्या. ऑलिव्हिया मोल्ट्री ह्या मुलीने तर अकराव्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा देकार स्वीकारला होता. पुढे 2019 साली, तेराव्या वर्षी, ती कॉलेजचा विचार सोडून व्यावसायिक खेळाडू झाली. असा शब्द तोंडीच असतो. दोन्ही बाजूंना बंधनकारक नसतो. मधल्या वर्षांत मुलीचा गुडघा दुखावला, खेळ उतरला किंवा प्रशिक्षकच बदलला, तर शब्द हवेत विरतो. गुडघ्याच्या आतील बंध तुटण्याची दुखापत मुलग्यांपेक्षा मुलींना अधिक होते आणि ती भरून यायला नऊ महिने ते वर्ष जाते. नेमके पाहणीचे वर्षच असे गेले, तर?

2019 साली एनसीएएने नियम कडक केले. आता दहावीचे वर्ष संपल्यावर 15 जूनपासूनच प्रशिक्षकाला मुलीशी भरतीबद्दल बोलता येते आणि त्यानंतरच्या 1 ऑगस्टपासून कॉलेजची रीतसर भेट घेता येते. हा नियम चांगला झाला असे मला वाटते. अकराव्या वर्षी मी काय व्हायचे ठरविले होते, ते आज मलाच आठवत नाही.

त्याच 2019 साली एक लाजिरवाणे प्रकरणही उघडकीस आले. कधीही न खेळलेल्या श्रीमंत घरच्या मुलांमुलींना खेळाडू दाखवून बड्या विद्यापीठांत प्रवेश दिले गेले होते. येल विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाच्या प्रशिक्षकाने लाच घेतल्याचे न्यायालयात कबूल केले. येलमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही. पण प्रशिक्षकाच्या शिफारशीने प्रवेश सुकर होतो, आणि त्या शिफारशीलाही किंमत आली.

अलीकडे चित्र पुन्हा बदलले आहे. जून 2025 मध्ये एका मोठ्या खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती संघातील खेळाडूंची, आणि सॉकरसाठी ती 28 आहे. म्हणजे कायद्याने 28 जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. पण देता येणे आणि देणे ह्यांत अंतर असते. आणि पूर्वी जी एकोणतिसावी किंवा तिसावी मुलगी बिनपैशाने का होईना संघात असे, तिला आता जागा नाही.

हे सारे वाचून माझा हेवा ओसरला. त्या मुलींविषयीचा आदर मात्र वाढला. त्या पहाटे उठून धावतात, प्रवासात अभ्यास करतात आणि शाळेतील सोळा ठरावीक विषयांत पुरेशी श्रेणीही मिळवतात. तेवढे नसेल तर पहिल्या श्रेणीच्या मैदानावर पाऊल ठेवता येत नाही. दोष त्यांचा नाही. 1972 च्या कायद्याने कॉलेजचे फाटक मुलींसाठी उघडले, हे मोठेच काम झाले. परंतु फाटकापर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीचा, हे कायद्याने पाहिले नाही.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागला. उत्पन्न किती कमी आहे हे सिद्ध करायला तहसील कचेरीत तीन खेपा घातल्या, तेव्हा मला फार संकोच वाटला होता. आता तो वाटत नाही. आमच्या शिष्यवृत्तीने मला एवढेच विचारले, की तुझ्या घरी काय नाही? तिकडची क्रीडा-शिष्यवृत्ती तोंडाने ‘तू कशी खेळतेस’ एवढेच विचारते. पण तो प्रश्न कानी पडेपर्यंत घरच्यांनी किती खर्च केला, हे त्याआधीच ठरून गेलेले असते.

आपल्याकडेही मुलींच्या खेळाला पैसा मिळावा, शिष्यवृत्त्या मिळाव्यात, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. फक्त त्या देताना निवड शाळेच्या मैदानावर व्हावी, जेथे कोणत्याही मुलीला फुकट धावता येते. अमेरिकेच्या ह्या पन्नास वर्षांवरून एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.

— द्वितीय वर्ष, कला