तळघराची दंतकथा आणि ‘एक्झाइल’

मे १९७२ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ आला आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे खपात पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांचं मात्र एकमत होईना. दोन तबकड्या, अठरा गाणी आणि मिक जॅगरचा आवाज वाद्यांच्या गर्दीत बुडालेला. रॉबर्ट क्रिस्टगाऊनं अल्बम डोक्यावर घेतला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेनी के यांनी कौतुक केलं, पण बँडचं परिपक्व काळातलं थोर काम अजून व्हायचंय, असाही सूर लावला. त्याच नियतकालिकानं २००३ च्या सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत याला सातवं स्थान दिलं.

मत पालटायला एका दंतकथेचाही हातभार लागला. ब्रिटनमधल्या जबर करांपायी स्टोन्सनी १९७१ मध्ये देश सोडला. किथ रिचर्ड्सनं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेलकोट हा बंगला भाड्यानं घेतला. वादक तळघरात, ध्वनिमुद्रणाची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये. दमट उकाड्यानं गिटारच्या तारा सारख्या उतरत. ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ हे नावच त्या कोंदटपणाची खूण आहे. ‘हॅपी’साठी सगळे जमण्याची वाटही कुणी पाहिली नाही: किथ, सॅक्सोफोनला बॉबी कीज आणि ड्रम्सवर चार्ली वॉट्सच्या जागी चक्क निर्माता जिमी मिलर.

हे सगळं खरं, पण अल्बम काही एकट्या तळघरात घडला नाही. काही गाणी लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत आधीच सुरू झाली होती आणि लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंडमध्ये त्यांच्यावर थरावर थर चढले. ‘लेट इट लूज’मधलं चर्चच्या कॉयरसारखं कोरस तिथलंच. बिली प्रेस्टननं जॅगरला चर्चमध्ये नेलं, त्याचा हा परिणाम. अस्ताव्यस्त वाटणाऱ्या या संगीतामागे जॅगरची कित्येक आठवड्यांची मेहनत आहे, आणि नेलकोटच्या रंगीत कथांनी तिच्यावर अन्याय केला आहे. खुद्द जॅगर या अल्बमच्या मिश्रणावर कधीच खूश नव्हता, ही त्यातली आणखी एक गंमत.

मला तो गढूळपणाच मोलाचा वाटतो. रॉबर्ट जॉन्सनचं ‘स्टॉप ब्रेकिंग डाउन’ ऐका. मिक टेलरची स्लाइड गिटार आणि जॅगरची माउथ ऑर्गन एकमेकांना वाट देत नाहीत, अंगावर धावून जातात. ब्लूजची नक्कल करणाऱ्या ब्रिटिश बँडांना तोटा नव्हता; स्लिम हार्पोचं ‘शेक युअर हिप्स’ इतक्या हक्कानं वाजवणारे विरळाच.

२०१० मध्ये जादा गाण्यांसह अल्बम पुन्हा निघाला आणि ब्रिटनमध्ये पुन्हा पहिला आला. २०२० च्या नव्या यादीत ‘रोलिंग स्टोन’नं त्याला चौदाव्या स्थानावर उतरवलं. नव्यानं ऐकणाऱ्यानं या आकड्यांच्या नादी न लागता थेट तिसरी बाजू लावावी. ‘हॅपी’पासून ‘लेट इट लूज’पर्यंतची ती पाच गाणी स्टोन्सना पुढे कधीच ओलांडता आली नाहीत, असं माझं ठाम मत आहे.