महाविद्यालयीन खेळाडूंचे नेतृत्व व समाजसेवा

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संघाकडून खेळणारे विद्यार्थी खेळाबरोबरच विद्यार्थिसंघटन व समाजकार्य यांतही सहभागी होतात. महाराष्ट्रात हा सहभाग प्रामुख्याने क्रीडा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), राष्ट्रीय छात्रसेना आणि विद्यार्थी परिषद यांच्यामार्फत घडतो. शासकीय रचनेत या चारही शाखा स्वतंत्र आहेत. मात्र बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावांतून तालुक्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत खेळाडू, स्वयंसेवक आणि विद्यार्थी प्रतिनिधी या भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीकडे येतात.

पार्श्वभूमी

शिक्षणाला राष्ट्रसेवेची जोड द्यावी, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच पुढे आला. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर छात्रसेनेचे प्रशिक्षण महाविद्यालयांत सक्तीचे झाले. पुढे ही सक्ती मागे घेण्यात आली.

एप्रिल १९६७ मध्ये झालेल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने या विषयाला वेगळे वळण दिले. विद्यार्थ्यांना छात्रसेना किंवा राष्ट्रीय सेवा योजना यांपैकी एकीची निवड करता यावी, अशी शिफारस परिषदेने केली. होतकरू खेळाडूंना मात्र दोन्हींतून सूट देऊन त्यांच्यासाठी राष्ट्रीय क्रीडा संघटना ही स्वतंत्र योजना असावी, असेही सुचवण्यात आले. क्रीडाविकासाला प्राधान्य मिळावे, हा त्यामागील हेतू होता. खेळाडू व स्वयंसेवक हे दोन वेगळे गट मानण्याची पद्धत या शिफारशीत स्पष्ट दिसते.

गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला होता. त्यानंतरच्या वर्षी योजनेच्या शिबिरांसाठी दुष्काळनिवारण हाच विषय घेण्यात आला.

कार्यपद्धती

रासेयोच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, नियमित काम करणे अपेक्षित असते. याशिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर होते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ व सांस्कृतिक कार्यक्रम असा शिबिराचा सर्वसाधारण दिनक्रम असतो. बांधबंदिस्ती, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, रक्तदान व सर्वेक्षण ही नेहमीची कामे होत. संघात खेळण्याची सवय असलेला विद्यार्थी श्रमदानाची कामे वाटून देणे, गट सांभाळणे, गावातील मुलांचे खेळ घेणे या गोष्टी सहज करू शकतो.

क्रीडा विभागाचे वेळापत्रक याहून वेगळे असते. आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठ संघाची निवड, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव असा त्याचा क्रम आहे. विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात आणि याच काळात अनेक स्पर्धाही असतात. त्यामुळे खेळाडूला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

विद्यार्थी परिषदेतील स्थान

महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ नुसार विद्यार्थी परिषदेतील वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जात. क्रीडा, रासेयो, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य या क्षेत्रांत उल्लेखनीय कामगिरी करणाऱ्या प्रत्येकी एका विद्यार्थ्याचे नामनिर्देशन प्राचार्य करीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, परंतु या चार क्षेत्रांच्या नामनिर्देशित जागा कायम ठेवल्या. खेळाडूला विद्यार्थी नेतृत्वात कायद्याने मिळालेले हे स्थान आहे.

उमापूर परिसर व बीड जिल्हा

उमापूर हे गेवराई तालुक्यातील गाव आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते. तरीही जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी 'कोयता' म्हणून ओळखली जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील मुलावर किंवा मुलीवर या काळात वृद्ध, लहान भावंडे व जनावरे यांची जबाबदारी येते. सराव, स्पर्धा आणि शिबिर हे सारे नेमके याच महिन्यांत असते. शिवाय हंगामात ज्या गावातील कर्ती माणसे बाहेर असतात, तेथे भरणाऱ्या शिबिराला मुख्यतः वृद्ध व मुले यांच्याशीच संवाद साधावा लागतो.

शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण आणि सैन्य व पोलीस भरती यांमुळे ग्रामीण तरुणांच्या दृष्टीने खेळ हा उपजीविकेचाही मार्ग ठरतो. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात दाखल झाले. तेथेच ते धावपटू म्हणून पुढे आले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. पाटोद्याचे कुस्तीपटू राहुल आवारे यांची पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली. मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांनीही भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व केले. त्यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला व त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या.

मर्यादा व बदल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्रीडा, रासेयो, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. मैदानावरील व गावातील कामाला त्यामुळे शैक्षणिक मान्यता मिळाली. तथापि हे उपक्रम एकाच गटातील पर्याय असल्याने १९६७ च्या शिफारशीतील विभागणी वेगळ्या रूपात टिकून आहे. ज्या विद्यार्थ्याने खेळ निवडला, त्याने गावासाठी केलेले काम श्रेयांकात मोजले जाईलच असे नाही. सामुदायिक सहभाग प्रकल्प हा अभ्यासक्रमाचा स्वतंत्र घटक मात्र ही दरी काही अंशी भरून काढू शकतो. आपल्याच गावातील मुलांना प्रशिक्षण देणे किंवा क्रीडांगण तयार करणे अशा कामांतून खेळाडूला दोन्ही भूमिका एकत्र पार पाडता येतात.