चौकटीतली तारीख

संगणकावर एक्सेलच्या तक्त्यातील एका चौकटीत १५/८/१९४७ ही तारीख लिहा. मग त्या चौकटीचा फॉरमॅट ‘जनरल’ करा. तारीख नाहीशी होऊन तेथे १७३९४ हा आकडा दिसेल. हा आला कोठून?

एक्सेल तारीख साठवते ती दिवसांच्या मोजणीने. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, २ जानेवारी हा दुसरा, असे मोजत गेले की आपला स्वातंत्र्यदिन येतो १७३९४वा. २६ जानेवारी १९५० चा क्रमांक १८२८९. वजाबाकी करा, मधले ८९५ दिवस लगेच मिळतात. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा एक खोटा दिवसही आहे! १९०० हे लीप वर्ष नव्हते. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतली ती चूक जुळवून घेण्यासाठी एक्सेलनेही ठेवली.) लोकमान्य टिळकांची जन्मतारीख, २३ जुलै १८५६, मात्र या मोजणीत बसत नाही, ती नुसती अक्षरे म्हणून राहते.

आता या आकड्याला हवा तो पोशाख चढवता येतो. ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘कस्टम’ येथे इंग्रजी डी, एम आणि वाय ही अक्षरे लिहायची. दोन डी म्हणजे दोन अंकी दिवस. चार डी लिहिले तर वार, आपल्या उदाहरणात शुक्रवार. दोन एम म्हणजे ०८, चार एम म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव. चार वाय म्हणजे पूर्ण वर्ष. पोशाख बदलला तरी आतला आकडा तोच.

पण आकडाच चुकीचा असेल तर? समजा, शाळेच्या नोंदवहीसाठी ०५/०७/२०१० ही जन्मतारीख लिहिली आणि संगणकाची मांडणी अमेरिकन आहे. तेथे महिना आधी लिहितात. म्हणून ५ जुलैचा विद्यार्थी गुपचूप ७ मेचा होतो. १३/०७/२०१० लिहिले तर तेरावा महिना नसल्याने ती तारीखच ठरत नाही. ती अक्षरांसारखी चौकटीच्या डाव्या कडेला चिकटते, आणि कोणताही फॉरमॅट तिच्यावर चालत नाही. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पहिली दिसत नाही, म्हणून अधिक घातक. ती पकडायची तर सगळ्या रकान्याला चार एमचा फॉरमॅट द्या: जुलैत जन्मलेल्यापुढे मे उमटला की कळले. लिहितानाच महिना आकड्याऐवजी इंग्रजी नावाने लिहिला, तर हा घोटाळा मुळातच होत नाही.