मूल उशिरा बोलते आहे? वाट पाहत बसू नका

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना करमाड लागते. शेजारच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीमुळे परगावची अनेक कुटुंबे या परिसरात राहावयास आली आहेत. एखादे मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर घरातील वडीलधारी मंडळी आईला धीर देतात : ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ हे शब्द मायेचे असतात. परंतु पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते आणि नेमका तोच काळ वाट पाहण्यात निघून जातो.

मग पालकांनी काय पाहावे? चार महिने उलटूनही मान न धरणे, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणे, वर्षाचे होऊनही हाकेला प्रतिसाद न देणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. आलेले बोलणे किंवा हसणे मुलाने गमावले, तर एक दिवसही थांबू नये. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचे असे टप्पे छापलेले असतात. लसीकरणाच्या नोंदींपलीकडे ते पान सहसा कोणी वाचत नाही.

अशा मुलांसाठी शासनाने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाऊन मुलांची तपासणी करावयाची असते. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मात्र ऊसतोडीला किंवा कामाच्या शोधात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले पथक येते त्या दिवशी गावात नसतात. म्हणून नव्या गावी जाताच मुलाचे नाव अंगणवाडीत नोंदवावे आणि कार्ड सोबत ठेवावे.

प्राथमिक तपासणी म्हणजे निदान नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. न बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी प्रथम व्हावयास हवी. कारण ऐकूच येत नसेल, तर भाषा कोठून यावी? स्वमग्नतेचे निदान रक्त तपासून होत नाही. तज्ज्ञ मुलाचे वागणे व खेळणे पाहतात, पालकांशी सविस्तर बोलतात आणि मगच निष्कर्ष काढतात. भौतिकोपचार, वाचोपचार हे केंद्रात शिकविले जातात. पण मुलाचा खरा सराव घरीच होतो. आंघोळ घालताना, भाकरी थापताना मुलाशी बोलत राहणे, त्याच्या नजरेपुढे बसून खेळणे, हाही उपचाराचाच भाग होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बौद्धिक अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्यासाठीच काढावयाचे असते. त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

आईला दोष देणे मात्र थांबले पाहिजे. ‘गरोदरपणी काय चुकले’ हा प्रश्न मुलाला एकही शब्द शिकवीत नाही. शेजाऱ्यांनी त्याऐवजी विचारावे : ‘तपासणीला कधी जायचे? मी सोबत येऊ का?’