कौशल्य प्रशिक्षण : काशीतल्या तरुणांनी सोडून द्यावेत असे पाच गैरसमज

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की मंगला गौरीचं देऊळ लागतं. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं नांदत आहेत. खाली नावा, देवळापाशी फुलांचे हार, जरा पुढे गायघाटाकडे गुलाबी मीनाकारी. हाताला काम देणारे इतके व्यवसाय उंबऱ्याशी असूनही पदवी घेतलेली अनेक मुलं भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत राहतात. प्रशिक्षणाविषयीच्या चुकीच्या समजुती दूर झाल्या, तर त्यांचा वेळ वाचेल.

गैरसमज १ : आयटीआय ही अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय.
वस्तुस्थिती : देशात ही प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. प्रवेश गुणवत्ता यादीनुसार होतो. इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारख्या ट्रेडच्या जागांसाठी चुरस असते. अनेक राज्यांत आयटीआयनंतर थेट पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

गैरसमज २ : कोर्स संपला की नोकरी ठरलेलीच.
वस्तुस्थिती : प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही. मात्र शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तिथे विद्यावेतन मिळतं आणि खऱ्या कामाचा अनुभवही. कोर्सनंतर पहिला प्रयत्न इथेच करावा.

गैरसमज ३ : पीएम विश्वकर्मा योजनेत कोणीही नवखा नाव नोंदवू शकतो.
वस्तुस्थिती : १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना आधीपासून हातांनी आणि अवजारांनी काम करणाऱ्यांसाठी आहे. तिच्या १८ व्यवसायांत नाव बांधणारे, हार करणारे, सोनार, मूर्तिकार, खेळणी बनवणारे, शिंपी आहेत. हातमाग विणकर नाहीत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. लाभ कुटुंबातल्या एकालाच.

गैरसमज ४ : तारण नसेल तर बँक दारात उभं करत नाही.
वस्तुस्थिती : २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेतलं कर्ज विनातारण असतं, ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत. तरीही बँक विचारणारच : काय विकणार, कोणाला, महिन्याला हातात किती उरेल? याची उत्तरं तयार करायला शिकवणं, हाच उद्योजकता प्रशिक्षणाचा गाभा. महाराष्ट्रात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र हेच काम करत आहे.

गैरसमज ५ : हात बसला की धंदा आपोआप चालतो.
वस्तुस्थिती : गुलाबी मीनाकारीत रंगाची पूड डाळिंबाच्या दाण्यांच्या पाण्यात कालवून बारीक टोकाने धातूवर भरतात, गुलाबी रंग चंदनाच्या तेलात खलून कुंचल्याने चढवतात आणि नग भट्टीत भाजतात. हे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधतं. पण भट्टीचं इंधन, फुटलेला नग आणि स्वतःची मजुरी किमतीत धरली नाही, तर उत्तम कारागीरही तोट्यात जातो. शिवणकामातही तेच. समजा, एका ब्लाउजचे ३०० रुपये घेतले; अस्तर, धागा, हूक आणि विजेला ९० गेले, तर उरलेले २१० रुपये नफा नव्हेत. त्यातच मजुरी, दुकानाचं भाडं आणि मशीनची दुरुस्ती आहे. म्हणून हिशेबाची वही हे प्रत्येक व्यवसायाचं पहिलं अवजार मानायला हवं.

प्रवेश घेण्याआधी केंद्रात चार प्रश्न जरूर विचारा : प्रमाणपत्र कोणाचं? प्रात्यक्षिकाचे तास किती? मागच्या तुकडीतले किती जण कामाला लागले? कर्ज आणि बाजारपेठेसाठी नंतर मदत मिळते का? समाधानकारक उत्तरं मिळाली, तरच नाव नोंदवा. आणि एकदा नोंदवलंत, की कोर्स अर्धवट सोडू नका.